भूतनाथाची वरात आणि झोंबींचा जमाव

महाशिवरात्र जवळ आली की हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथकडे जाणारे रस्ते भाविकांनी फुलून जातात. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पूजिल्या जाणाऱ्या या क्षेत्राच्या पंचक्रोशीत शिवकथेला ऐकणाऱ्यांची वाण कधी पडलेली नाही. शिवकथेतील सर्वांत रंगणारे आख्यान कोणते, असे विचारले तर बहुतेक श्रोते शिवविवाहाचेच नाव घेतील. नवरदेव नंदीवर बसलेला, अंगाला भस्म, गळ्यात सर्प. त्याच्यामागे वऱ्हाडी कोण? कुणाला तोंडच नाही, कुणाला तोंडेच तोंडे. कुणी एका पायाचा, कुणाचे हात बेपत्ता. भूत, प्रेत, पिशाच यांची ती वरात हिमालयाच्या दाराशी पोहोचते, तेव्हा स्वागताला आलेली बालके किंचाळत घराकडे पळतात आणि नवरीची आई मूर्च्छित होते. तुलसीदासांनी 'रामचरितमानसा'त हा प्रसंग वर्णिताना साक्षात विष्णूच्या तोंडी थट्टेचे शब्द घातले आहेत आणि त्या थट्टेने शंकर स्वतः मनोमन हसतात, असे दाखविले आहे.

श्रोते हसतात, मुले आईला बिलगतात आणि पुन्हा पुढचे ऐकायला मान वर करतात. भय आणि हास्य एकाच मांडवात नांदते. यात देवाचा अवमान झाला, असे कोणत्याही श्रद्धाळू घराला कधी वाटलेले नाही.

त्याच घरातला सोळा वर्षांचा मुलगा आता मोबाइलवर 'झोंबिवली' पाहतो आणि खदखदून हसतो, तेव्हा मात्र वडिलांच्या कपाळाला आठी पडते. चालणारी प्रेते, ती माणसांना चावणार, चावलेले पुन्हा प्रेत होऊन उठणार. यात हसण्यासारखे काय आहे? पिढीची अभिरुचीच बिघडली, असा निकाल देऊन विषय संपविला जातो. निकाल सोपा आहे, पण तो घाईचा आहे. भयाला विनोदाची जोड देणाऱ्या या चित्रपटांचे आकर्षण कशात आहे, ते आपल्या परंपरेला परके आहे की ओळखीचे, आणि त्यातून समाजाने काय घ्यावे व काय टाकावे, याचा विचार संस्कारांची काळजी वाहणाऱ्यांनी तरी शांतपणे केला पाहिजे.

प्रेत कुठून चालत आले?

झोंबीची कुळकथा हसण्यासारखी मुळीच नाही. कॅरिबियन समुद्रातील आजचा हैती हा देश एकेकाळी फ्रान्सची वसाहत होता. आफ्रिकेतून पकडून आणलेले लाखो गुलाम तेथील उसाच्या मळ्यांत राबत आणि झिजून मरत. मरणानंतर तरी आत्मा पूर्वजांच्या भूमीला जाईल, एवढीच त्यांची आशा होती. त्या आशेच्या पोटी एक भयंकर भीती दडलेली होती: मेल्यावरही कुणी मांत्रिकाने शरीर उठविले आणि पुन्हा मळ्यात जुंपले तर? स्वतःची इच्छा नसलेले, नाव नसलेले, केवळ राबणारे शरीर म्हणजे झोंबी. मरणसुद्धा ज्यातून सोडवू शकत नाही अशा दास्याची ती प्रतिमा होती. १८०४ साली हैती स्वतंत्र झाला, पण ती प्रतिमा लोकमनात राहिली.

अमेरिकन चित्रसृष्टीने ती १९३२ साली 'व्हाइट झोंबी' या चित्रपटातून उचलली. तिचे मूळ दुःख गळून पडले आणि उरला तो थरार. १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांनी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. त्या चित्रपटात 'झोंबी' हा शब्द उच्चारलेलाही नाही, तरी थव्याने येणारे, माणसे खाणारे प्रेत हा साचा त्यानेच घडविला. १९७८ च्या पुढच्या चित्रपटात याच रोमेरोंनी प्रेतांना एका प्रचंड खरेदीसंकुलात फिरविले. जिवंतपणी जेथे रेंगाळण्याची सवय होती, तेथेच ही प्रेते मेल्यावरही रेंगाळत होती. उपभोगवादी समाजाने आपलेच प्रतिबिंब पाहावे आणि ओशाळे हसावे, अशी ती योजना होती. २००४ साली इंग्लंडमधून आलेल्या 'शॉन ऑफ द डेड'ने हा विनोद उघड केला. त्यातला नायक सकाळी दुकानात जाऊन परत येतो आणि रस्त्यावरची माणसे प्रेते झाली आहेत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. कारण रोजची माणसेही तशीच पेंगत चाललेली असतात.

यंत्रवत् जगणाऱ्या माणसात आणि प्रेतात फरक तो कोणता, हा प्रश्न पश्चिमेने स्वतःला विचारला आणि हसण्यावारी नेला. एक समाज आपल्या आजाराकडे ज्या खिडकीतून पाहतो ती ही खिडकी आहे. त्यामुळे हा सारा प्रकार केवळ थिल्लरपणा म्हणून झटकून टाकता येत नाही.

दोन विरोधी रस एका पंगतीत

भय आणि हास्य यांचे मिश्रण ही आधुनिक काळाची विकृती आहे, असे मानणाऱ्यांनी आपल्याच साहित्यशास्त्राकडे वळावे. भरतमुनींनी 'नाट्यशास्त्रा'त रसांची उत्पत्ती सांगताना शृंगारातून हास्य, रौद्रातून करुण, वीरातून अद्भुत आणि बीभत्सातून भयानक, असा क्रम मांडला आहे. कुजके, तुटलेले, रक्ताळलेले प्रेत आधी किळस आणते आणि त्या किळसेतून भय उपजते. झोंबीपटाची सारी यंत्रणा बीभत्सातून भयानक या एका सूत्रात सामावते.

मग हास्य कुठून येते? अभिनवगुप्ताने भरताच्या सूत्राचा विस्तार करताना दाखविले आहे की, केवळ शृंगाराच्याच नव्हे, कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य निर्माण होऊ शकते. भाव अस्थानी आला, त्याचा नुसता देखावा उरला, की प्रेक्षक हसतो. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस म्हणून नोंदविले. विरोधी म्हणजे एकत्र आणूच नयेत असे मात्र नाही. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त विरोध मिटविण्याची एक युक्ती सांगून ठेवली होती: दोन विरोधी भावांचे आश्रय वेगळे ठेवावेत. भाव एकाच्या ठिकाणी, त्याचा विरोधी भाव दुसऱ्याच्या ठिकाणी.

भयविनोदी चित्रपटात नेमके हेच घडते. भय पडद्यावरच्या पात्राच्या वाट्याला, हास्य प्रेक्षकाच्या वाट्याला. पात्र घाबरून लाटणे उचलते, दार लावायला जाते तर कडी निघालेली असते. त्याचा जीव टांगणीला लागतो आणि प्रेक्षक हसतो. दुसऱ्याच क्षणी मागून हात येतो, प्रेक्षकही दचकतो, आश्रयांमधली भिंत पडते आणि दचकल्याबद्दल तो स्वतःलाच हसतो. या आंदोलनात खरी गंमत आहे. ताणलेला श्वास हसण्याने सुटतो. एकट्याने पाहताना जी भीती छातीवर बसते, ती दहाजणांत पाहिली की टाळी होते.

हिंगोलीकरांना हे सांगण्यासाठी संस्कृत ग्रंथ उघडण्याची गरज नाही. खाकीबाबा मठाच्या परंपरेतून वाढलेला हिंगोलीचा सार्वजनिक दसरा महोत्सव दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. त्या नगरीत रामलीला, प्रदर्शन आणि रावणदहन यांसाठी आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे लोटतात. रामलीलेतील राक्षस भयंकर असतात आणि हास्यास्पदही असतात. कुंभकर्णाला जागे करण्याचा प्रसंग घ्यावा. वाल्मीकींनी युद्धकांडात नगारे, शंख, अन्नाच्या राशी आणि अंगावरून चालविलेले हत्ती अशी सारी खटपट सविस्तर वर्णिली आहे. जागा झाला तर तो कुणाला गिळेल या धास्तीने राक्षसच थरथरत आहेत आणि श्रोते हसत आहेत. रामलीला पाहिलेल्या माणसाला भयविनोदाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

मराठी पडद्यावरची भुते

मराठी चित्रपटानेही हा धागा आपल्या परीने चालविला. 'एक डाव भुताचा' १९८२ साली आला, 'भुताचा भाऊ' १९८९ साली. १९९३ मध्ये महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' झळकला. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना हॉलीवूडमधून आली होती; पण रामदास पाध्ये यांनी साकारलेला तात्या विंचूचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांनी रंगविलेला मूळचा गुंड आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा बावरलेला लक्ष्या यांनी ती अशी काही मराठी करून टाकली की, ती बाहेरची आहे हे प्रेक्षक विसरूनच गेले. त्या काळी तात्या विंचूला घाबरून रात्री पांघरुणात डोके खुपसणारी मुले सकाळी अंगणात त्याचीच नक्कल करीत. २००४ च्या 'पछाडलेला'ने वाड्यातल्या भुतांना हाच न्याय दिला.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी २०१३ साली 'गो गोवा गॉन'ने हिंदीत झोंबी आणले होते. पण ते गोव्याच्या नशेच्या मेजवान्यांतले, मध्यमवर्गीय घराला दूरचे होते. अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित प्रभाकर यांच्या भूमिका असलेल्या 'झोंबिवली'ने प्रेते थेट डोंबिवलीत आणली. एकीकडे नव्या इमारतीत संसार थाटायला आलेला अभियंता आणि त्याची पत्नी, दुसरीकडे शेजारची वस्ती, दोहोंमध्ये पाण्याचा प्रश्न. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेत चित्रपटगृहे अर्ध्या क्षमतेने चालत होती. मुखपट्टी बांधून, एक खुर्ची सोडून बसलेला प्रेक्षक पडद्यावर संसर्गाने प्रेत होणारी माणसे पाहत होता. दोन वर्षे 'कुणाला हात लावू नका, कुणाजवळ जाऊ नका' हेच ऐकलेल्या माणसाला आपली ती कोंडलेली भीती पडद्यावर दिसली आणि तिला हसण्याची मुभाही मिळाली. त्या वेळी तेवढी मुभासुद्धा मोलाची होती.

याच दिग्दर्शकाने २०२४ साली 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट केला आणि कोकणातल्या भूतकथेला देशभराचा प्रेक्षक मिळवून दिला. त्याच वर्षी 'स्त्री'च्या दुसऱ्या भागाने तिकीटबारीवर विक्रम केले. चंदेरी गावातली भिंतीवरच्या अक्षरांना मानणारी चेटकीण आणि पिंपळावरचा मुंज्या, दोन्ही याच मातीतली. परदेशी प्रेतापेक्षा आपले भूत अधिक चालते, हे आता निर्मात्यांच्या हिशेबाच्या वहीनेही मान्य केले आहे.

आपले भूत आणि परके प्रेत

ही दोन्ही एकाच जातीची नाहीत. झोंबीला नाव नसते, घर नसते, काही मागायचे नसते. आहे ती फक्त भूक. आपल्याकडच्या भुताची मात्र कुळकथा असते. मुंज्या हा मुंज होऊन सोडमुंजीपूर्वीच गेलेला अभागी बटू. हडळ, समंध, देवचार, वेताळ या प्रत्येकाचे ठिकाण ठरलेले, स्वभाव ठरलेला. त्याची काही इच्छा राहिलेली असते, कुणाकडून अन्याय झालेला असतो. इच्छा पुरविली, अन्याय दूर केला की भूत सुटते. म्हणजे येथे मृताशीसुद्धा बोलणे होऊ शकते, देणेघेणे मिटू शकते.

हा फरक मृत्यूकडे पाहण्याच्या दृष्टीतून आला आहे. जेथे देह मातीत जपून ठेवून अंतिम दिवशी त्याच्या उठण्याची वाट पाहिली जाते, तेथे थडगे फोडून बाहेर येणारा देह ही भयाची स्वाभाविक प्रतिमा ठरते. हिंदू समाजात संन्याशांची समाधी आणि काही समाजांतील दफनाची प्रथा सोडली, तर देह अग्नीच्या स्वाधीन होतो. राखेतून प्रेत कसे उठणार? 'झोंबिवली'लाही म्हणूनच प्रेते उठविण्यासाठी स्मशान सोडून संसर्गाची वाट धरावी लागली. आपल्याकडे मागे राहते ते नाते. सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांनाही पान वाढले जाते. मेलेल्याला उपाशी न ठेवणाऱ्या संस्कृतीत भुकेल्या प्रेतांचे थवे जन्मत नाहीत.

आपल्याकडे बोलके प्रेत मात्र आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त गुंफलेली वेताळाची पंचवीस कथानके म्हणजे भयविनोदाचा एक आदिपाठच होय. काळी रात्र, स्मशान, झाडाला लोंबणारे प्रेत, त्यात शिरलेला वेताळ आणि ते खांद्यावर टाकून चाललेला राजा. एवढे भयाण नेपथ्य उभारून वेताळ करतो काय, तर कोडी घालतो, राजाची फिरकी घेतो आणि राजाने तोंड उघडताच पुन्हा झाडावर जातो. १९५२ पासून निघू लागलेल्या मराठी 'चांदोबा'ने आणि पुढे १९८५ च्या दूरदर्शन मालिकेने ही कथा घराघरांत नेली. तिच्या शेवटाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. ज्या जोगड्याच्या सांगण्यावरून राजा प्रेत आणायला निघाला, तोच राजाचा बळी देण्यासाठी टपलेला असतो आणि ही बातमी राजाला देणारा असतो वेताळ. प्रेत प्रामाणिक निघते, भोंदू तो भगव्या वेषातला निघतो. भुताला भिऊ नकोस, भुताच्या नावाने तुला वापरणाऱ्याला ओळख, असे हजार वर्षांपूर्वीचा हा हिंदू कथाकार सांगून गेला.

नरसीचा नामदेव

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. उत्तर भारतातील भक्तचरित्रांत त्यांची एक कथा सांगितली जाते. वाटेत त्यांच्यासमोर ताडमाड भूत उभे ठाकले. पाय जमिनीवर, डोके आभाळात. सोबतचे लोक पळाले. नामदेवांनी टाळ हातात घेतले आणि आज देव किती लांबलचक रूप घेऊन आले, असे म्हणत भुताचेच स्वागत गायला आरंभ केला. जेथे पाहावे तेथे विठ्ठल, हे ज्याच्या मनात पक्के बिंबले त्याला भुतातही विठ्ठलच दिसणार. कथा सांगते की, त्या भुताच्या जागी देव प्रकटला.

कथेचे तात्पर्य अद्वैताचे आहे, पण तिचा चेहरा विनोदी आहे. ज्या औंढ्यात विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवून, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे नामदेवांना सुनावल्याची आख्यायिका आहे, तेथल्या शिष्याला हा मिस्कीलपणा गुरूकडूनच मिळाला असेल. पुढे पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून भुताला रंगमंचावरच आणले. त्यांच्या एका भारुडात एक जबरदस्त भूत साऱ्यांना झपाटते, ध्रुवाला झपाटते, नारदाला झपाटते; आणि शेवटी कळते की, हे भूत म्हणजे सर्वांठायी भरलेला परमात्माच. संस्कृतात 'भूत' म्हणजे प्राणिमात्र. या एका शब्दाच्या दोन अर्थांवर नाथांनी श्रोत्यांना हसविले, चमकविले आणि भयमुक्त केले. अंगारे-धुपारे करणारा देवऋषी त्यात फजीत होतो.

संतांचे हे कार्य अजून संपलेले नाही. मराठवाड्यात भानामतीच्या भीतीने किती घरे पोळली, किती स्त्रियांवर चेटकिणीचा आळ आला, हे जुन्याजाणत्यांना ठाऊक आहे. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या मसुद्यावर अनेक वर्षे वाद झाले, वारकरी मंडळींनीही आक्षेप नोंदविले. कायद्याने भोंदूला तुरुंगात घालता येते. मनात बसलेली भीती मात्र कायद्याच्या कलमाने निघत नाही. आज औंढा नागनाथच्या परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा साकारत आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. आकाशातल्या कृष्णविवरांची थरथर जेथे टिपली जाणार, तेथे अमावास्येच्या रात्री लिंबू-मिरची ओलांडायला माणूस बिचकत असेल, तर वेधशाळेच्या जोडीला भारूडही लागेल. हसलेला माणूस सहसा पुन्हा त्याच गोष्टीला भीत नाही.

जमावाचे भय

झोंबी परका आहे, म्हणून त्याच्यापासून काहीच शिकू नये असे नाही. त्याच्यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या भुतांत नाही, आणि ती आपल्याला आज लागू आहे. झोंबी हा नेहमी जमाव असतो. त्याला विचार नसतो, विवेक नसतो. एकाने चावले की दुसरा तसाच होतो. चावा आणि अफवा यांत फारसे अंतर नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे टाळेबंदीच्या रात्री दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हाती सापडले. पोलिसांच्या देखत तिघांचा जीव गेला. तेथेही आधी धावली ती अफवाच. दोन्ही ठिकाणी मेलेले भगव्या परंपरेचे, भिक्षेकरी, निःशस्त्र. मारणारे आदल्या दिवसापर्यंत तुमच्या-आमच्यासारखे शेतात राबणारे, लेकराबाळांचे. मोबाइलवरच्या एका निरोपाने त्यांची माणुसकी काढून घेतली. पडद्यावरचे प्रेत रंगरंगोटीचे असते. ही प्रेते जिवंत होती, म्हणून अधिक भयंकर होती.

संघटन आणि जमाव यांतला फरक येथे ध्यानात येतो. जमावात माणूस स्वतःला हरवतो. संघटनेत तो स्वतःला शिस्तीने वाढवितो, शेजाऱ्याचे नाव जाणतो, चुकणाऱ्याचा हात धरतो. चित्रपटाने ज्या डोंबिवलीच्या रस्त्यांवर झोंबींचा लोंढा दाखविला, त्याच डोंबिवलीने गेल्या शतकाच्या अखेरीस गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा पायंडा पाडला आणि तो महाराष्ट्रभर गेला. रस्ता तोच, गर्दीही तेवढीच. एका गर्दीला भूक हाकते, दुसरीला उत्सव आणि मर्यादा सांभाळते. झोंबीपट पाहून तरुणाने एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे: पुढे आलेला निरोप न तपासता दहाजणांना धाडताना आपण कोणत्या गर्दीत उभे असतो?

हसू कोणत्या प्रतीचे?

याचा अर्थ असा नव्हे की, भयविनोदाच्या नावाखाली येणारे सारेच स्वीकारार्ह आहे. रक्तमांसाचा चिखल, द्व्यर्थी संवाद, अंत्यसंस्कार, श्राद्ध, मंत्र यांची निष्कारण टवाळी हे या प्रकारातले स्वस्त मसाले आहेत आणि त्यांचा मारा वाढतो आहे. भोंदूला हसणे वेगळे आणि श्रद्धेने हात जोडणाऱ्या आजीला हसणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या हसण्याने कुणाचे भय जात नाही, फक्त आजी अपमानित होते.

कसोटीसाठी परदेशी समीक्षा धुंडाळण्याचे कारण नाही. भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार केले आहेत. स्मित आणि हसित हे उत्तम, विहसित आणि उपहसित हे मध्यम, अपहसित आणि अतिहसित हे अधम प्रकृतीचे. चित्रपट संपल्यावर ओठांवर काय उरते ते पाहावे. आपल्याच भित्रेपणाचे स्मित उरले, तर चित्रपटाने काम केले. दुसऱ्याच्या देहाच्या चिंध्या पाहून खिंकाळणे उरले, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया गेले.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलाच्या हातातला मोबाइल हिसकावण्याऐवजी एकदा त्याच्याशेजारी बसून पाहावे. मग त्याला शिवाच्या वरातीची गोष्ट सांगावी, वेताळाची सांगावी, नरसीच्या नामदेवांची सांगावी. ज्या मुलाला 'शॉन' ठाऊक आहे त्याला विक्रमादित्य ठाऊक नसेल, तर दोष त्याच्या अभिरुचीचा कमी आणि न सांगणाऱ्या ओठांचा जास्त. गणेशोत्सवातील, शाळांच्या स्नेहसंमेलनातील नाट्यप्रवेशांना विषय मिळत नाही, अशी तक्रार असते. एकनाथांचे भारूड उभे करायला चार टाळ आणि एक घोंगडी पुरते. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत ते उभे करावे. ज्या पाड्यावर भगताच्या भीतीने लेकरू दवाखान्यात जात नाही, तेथे तर आधी करावे.

उपनिषदांनी ब्रह्माला 'अभय' म्हटले आहे. गीतेने दैवी संपत्तीची यादी सांगताना पहिल्या क्रमांकावर अभयच ठेवले आहे. ते मिळविण्याच्या वाटा अनेक आहेत: ज्ञानाची, भक्तीची, पराक्रमाची. संतांनी त्यांत हास्याची एक वाट जोडली. त्या वाटेवर आज परदेशी प्रेते लंगडत चालताना दिसत असतील, तर वाट बदलण्याचे कारण नाही. वाट आपली आहे. भूतनाथाची वरात तीवरून केव्हाच पुढे गेली आहे आणि त्या वरातीतले भूत घाबरवायला नव्हे, लग्नाला निघालेले होते.